चोपडे : तारीवरून पुलावर

पेडणे महालात दक्षिणेकडून शिरायच्या ठळक वाटा दोन. एक कोलवाळच्या पुलावरून, महामार्गाने, थेट धारगळला नेणारी. दुसरी म्हापशाहून शिवोलीला आणि शिवोलीहून शापोरा नदी ओलांडून चोपड्याला. दुसरी वाट पर्यटकांच्या जास्त ओळखीची. मोरजीचा किनारा, मांद्रे, हरमल, केरी, शेवटी तेरेखोलचा किल्ला अशी यादी मनात घेऊन माणसे पुलावरून उतरतात आणि चोपडे कधी आले, कधी गेले हे त्यांना कळतही नाही. चोपडे म्हणजे त्यांच्या लेखी तिठा. इथून डावीकडे वळायचे की सरळ जायचे एवढाच प्रश्न.

पण सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान याच तिठ्यावर थोडा वेळ उभे राहावे. त्या वेळी वाहतुकीचा लोंढा उलटा असतो. गाव बाहेर पडत असतो. शाळेत शिकवायला जाणारी बाई, पणजीच्या कचेरीतला कारकून, म्हापशाच्या दुकानातला विक्रेता, इस्पितळातली परिचारिका, हॉटेलात सकाळच्या पाळीला जाणारा मुलगा, तुयेच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार. स्कूटर, बस, मिळेल त्या वाहनाने सगळे निघालेले. संध्याकाळी हीच माणसे परत येतात, दिवे लागतात आणि गाव पुन्हा गाव होतो.

लंडनच्या आसपास अशी शेकडो गावे आहेत. तिथे झोपायचे आणि शहरात जाऊन कमवायचे. इंग्रजीत अशा माणसाला एक सुटसुटीत शब्द आहे, आपल्याकडे तो नाही. कोकणातला 'चाकरमानी' वेगळा. तो मुंबईला राहतो आणि चतुर्थीला गावी येतो. रोज जाऊन रोज येणाऱ्याला आपण नुसते 'येऊन-जाऊन करतो' म्हणतो. चोपड्याचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास म्हणजे चाकरमानी असलेला गाव 'येऊन-जाऊन करणारा' कसा झाला त्याचा इतिहास आहे. आणि त्यात घरांचे काय झाले, ही त्याहून महत्त्वाची गोष्ट.

आधी नदीबद्दल बोलू. तिळारीच्या खोऱ्यातून निघालेले हे पाणी इब्रामपूर, चांदेल, कोलवाळ करत शिवोलीशी येते आणि मोरजी-शापोऱ्याच्या मुखाशी समुद्राला मिळते. आज ती दोन तालुक्यांची हद्द आहे, पण एके काळी ती दोन राज्यांची हद्द होती. बार्देश पोर्तुगीजांच्या हाती गेला १५४३ साली. पेडणे महाल मात्र सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि तो कायमचा पोर्तुगीजांकडे गेला १७८८ साली. म्हणजे मधली जवळजवळ अडीचशे वर्षे या तीरावर एक राजवट आणि त्या तीरावर दुसरी. मुखाशी उभा असलेला शापोऱ्याचा किल्ला मूळचा आदिलशाहीतला. पोर्तुगीजांनी तो १७१७ साली नव्याने बांधला तो याच कारणाने. पलीकडून कोण येते यावर नजर हवी होती. 'पलीकडून' म्हणजे आपल्याकडून, बरं का!

या अडीचशे वर्षांच्या अंतराची खूण कुठे दिसते? घरांत. शिवोलीच्या जुन्या वाड्यांवर फिरताना घरे रस्त्याकडे तोंड करून उभी दिसतात. पायऱ्या चढून जायचे बल्कांव, दोन्ही बाजूंना बसायचे सोपे, उंच खिडक्या. संध्याकाळी घर रस्त्याशी बोलते. नदी ओलांडली की जुन्या घराची रीत बदलते. समोर सारवलेले अंगण, अंगणात तुळस, मग ओसरी किंवा पडवी. मोठे घर असेल तर आत राजांगण आणि त्याभोवती खोल्या. हे घर रस्त्याकडे थोडे पाठ फिरवून स्वतःशी बोलणारे. दोन्ही तीरांवर चिरा तोच, माती तीच, पाऊसही तोच. वेगळा होता तो इतिहास आणि पैसा. तिकडचा माणूस आधी बोटीवर गेला, आफ्रिकेला गेला, मुंबईला गेला आणि त्याने पाठवलेल्या पैशांवर घर उंच झाले. इकडच्या माणसाला घर उंच करणे तेवढे सोपे नव्हते, कारण पुष्कळदा घराखालची जमीनच त्याची नसायची.

पेडण्याची जमीनदारी गोव्यात प्रसिद्ध आहे. देशप्रभूंचा वाडा अजूनही पेडण्यात उभा आहे. त्यांच्याखेरीज लहानमोठे भाटकार होतेच. भाटकाराच्या भाटात झोपडे घालून राहणारा तो मुंडकार. त्याने माडांची राखण करायची, नारळ पाडायच्या दिवशी हजर राहायचे, बोलावले की कामाला जायचे. घर त्याने बांधलेले, पण जागा भाटकाराची. मातीच्या भिंती, वर माडाच्या चुडतांचे किंवा नळ्यांचे छप्पर. चिऱ्याची पक्की भिंत घालणे म्हणजे जागेवर हक्क सांगणे, आणि तो हक्क सांगायची सोय नव्हती. त्यामुळे शंभर वर्षे एकाच जागी राहिलेले कुटुंबसुद्धा उद्या उठायला लागेल अशा घरात राहत होते. गावच्या जुन्या घरांचे 'साधेपण' आपण आज कौतुकाने पाहतो. त्या साधेपणात किती आवड होती आणि किती धास्ती होती, हा प्रश्न विचारायला हवा.

जमिनीची दुसरी बाजू म्हणजे खाजन. नदीकाठच्या सखल शेतात भरतीचे खारे पाणी शिरू नये म्हणून बांध घालायचा, बांधाला मानस ठेवायची, भरतीला ती मिटायची आणि ओहोटीला उघडायची. पावसाळ्यात तिथे कोरगुटसारखे खारे सोसणारे भात. शेजारच्या आगरवाड्याचे नाव तर मिठावरूनच पडले आहे. आगर म्हणजे मिठागर. आज पंचायतही आगरवाडा-चोपडे अशी जोडनावाची. खाजनाची शेती घरी असलेल्या माणसांवर चालते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. बांधाला खेकड्याने भोक पाडले तर ते त्याच भरतीच्या आधी बुजवावे लागते. बांध रविवारची वाट पाहत नाही.

आता तार. नदी ओलांडण्याच्या जागेला आपल्याकडे तार म्हणतात आणि ती ओलांडून देणारा तो तारी. तारी हे आडनाव गोव्यात आजही आहे आणि शिवोलीत 'तारची भाट' नावाचा वाडाही आहे. आधी होड्या, मग फेरीबोट. चोपड्याचे सगळे व्यवहार या तारीवर टांगलेले असत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला मीठ, भाजी, हरमलची मिरची घेऊन निघालेल्या बायकांना पहाटेची फेरी गाठावी लागे. आजारी माणूस, बाळंतीण, वऱ्हाड, मडके-गाडगे, सगळे तारीवरूनच. रात्रीची शेवटची फेरी चुकली की एक तर पलीकडे कोणाच्या तरी घरी झोपायचे किंवा कोलवाळचा भलामोठा वळसा घालायचा. पलीकडचे दिवे समोर दिसत असताना!

तारीने गाव अडवून धरला होता तसा राखूनही ठेवला होता. रोज जाऊन-येऊन करणे अवघड, म्हणून शिकला-सवरलेला मुलगा एक तर घरीच शेती बघे किंवा सरळ मुंबईची वाट धरी. मधले काही नव्हते. पेडण्याची किती घरे मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालली! घरात म्हातारे, बायका आणि मुले. कर्ता पुरुष गिरगावात किंवा परळला एका खोलीत दहा जणांबरोबर. चतुर्थीला तो यायचा, माटोळी बांधायचा, घराची कौले परतायचा, आणि अकराव्या दिवशी पेटी उचलायचा.

१९ डिसेंबर १९६१ नंतर हे बदलू लागले. वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. १९६३ साली म्हापशाला सेंट झेवियर्स महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा पेडण्याच्या मुलाला पदवीसाठी मुंबई-बेळगाव गाठण्याची सक्ती उरली नाही. सरकारी खाती वाढली आणि नोकऱ्या आल्या. १९८० साली कदंब वाहतूक महामंडळ स्थापन झाले. चोपड्यातले पहिले 'येऊन-जाऊन करणारे' हे या काळातले. सकाळी फेरी, पलीकडे म्हापशाची बस, म्हापशाहून पणजीची बस. पणजीला जाताना मांडवी आडवी येई. त्या नदीवर १९७० साली पूल झाला होता, पण तो ५ जुलै १९८६ रोजी कोसळला आणि १९९२ साली नवा पूल होईपर्यंत पणजीच्या नोकरदारांचे हाल झाले. म्हणजे त्या सहा वर्षांत पणजीला नोकरी करणाऱ्या चोपडेकराला रोज दोन नद्यांवर खोळंबावे लागत होते. तरी तो संध्याकाळी घरी परतत होता. मुंबईतल्या एका खोलीपेक्षा हे बरे, असा त्याचा हिशेब होता.

याच काळात त्याच्या घराखालची जमीनही बदलली. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आणि १९७६ ची 'कसेल त्याची जमीन' ही दुरुस्ती. या तीन कायद्यांनी पेडण्यात जे केले ते कुठल्याही पुलाने केले नाही. मुंडकाराला घरातून उठवता येणार नाही, आणि घराची जागा त्याला विकत घेता येईल, असे कायद्याने सांगितले. कज्जे वर्षानुवर्षे चालले, कित्येक अजूनही मामलेदाराच्या कचेरीत पडून आहेत, हे खरेच. पण धास्ती गेली. आणि धास्ती जाताच भिंती बदलल्या. मातीच्या जागी चिरा, नळ्यांच्या जागी मंगळुरी कौल, शेणाच्या जमिनीच्या जागी लादी, पुढे कौलाच्या जागी स्लॅब. जुन्या घराच्या आठवणी काढणाऱ्यांना स्लॅबची घरे कुरूप दिसतात. मला त्यांत पहिल्यांदाच निर्धास्त झोपलेली माणसे दिसतात. घर सुंदर असावे हे खरे, पण ते आधी आपले असावे लागते.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत शिवोली-चोपडे पूल वाहतुकीला खुला झाला आणि तारीचे दिवस संपले. म्हापसा अर्ध्या तासावर आले. पणजी तासाभरावर. आता नोकरीसाठी गाव सोडायची गरज उरली नाही, आणि पुष्कळांनी तो सोडला नाही. हे पुलाचे मोठे देणे आहे आणि ते कबूल केले पाहिजे. ज्या घरांत पूर्वी म्हातारे आणि मनिऑर्डर असे, तिथे आता संध्याकाळी कर्ती माणसे असतात, मुलांचा अभ्यास घेतला जातो, देवळाच्या उत्सवाला आणि नाटकाच्या तालमीला गडी कमी पडत नाहीत.

घरांनी हा बदल कसा उचलला तेही पाहण्यासारखे आहे. ओसरीच्या जागी स्कूटर आणि पुढे मोटार ठेवायचा आडोसा आला. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा कोणी मुंबईला गेला नाही, म्हणून घरावर मजला चढला आणि बाहेरून जिना आला. हा बाहेरचा जिना म्हणजे आमच्या गावांतल्या वाटणीपत्राचे बांधकामातले रूप आहे. एकच तुळस, दोन चुली. मग मागच्या अंगाला एक-दोन खोल्या भाड्याने द्यायला निघाल्या. मोरजी-मांद्र्याच्या हॉटेलांत राबणारी बाहेरगावची मुले तिथे राहू लागली. कोणी पर्यटकांसाठी खोली सजवली. घर राहायचे होते, ते थोडे कमावतेही झाले.

इथवर गोष्ट सरळ आहे. पण पूल दोन्ही बाजूंनी चालतो.

इंग्लंडचा दाखला इथे उपयोगी पडतो. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने शहराच्या वायव्येला खेड्यापाड्यांपर्यंत रूळ नेले आणि १९१५ पासून त्या भागाला 'मेट्रो-लँड' असे नाव देऊन जाहिरात सुरू केली. शहरात काम करा, खेड्यात राहा, बागेत गुलाब लावा! १९१९ मध्ये तर घरे बांधून विकण्यासाठी वेगळी कंपनीच काढली गेली. आधी स्टेशन, मग घरे, मग गाव, असा तिथला क्रम. शहर पसरतच चालले तेव्हा लंडनभोवतीचा हरित पट्टा राखायला १९३८ साली कायदा केला आणि १९४७ च्या नियोजन कायद्याने विकासाला परवानगीची अट घातली. शेते वाचली, पण आतल्या घरांच्या किमती वाढत गेल्या. आज त्या टुमदार गावांत जन्मलेल्या शिक्षकाला किंवा परिचारिकेला तिथेच घर घेणे बहुधा परवडत नाही.

चोपड्याचा क्रम उलटा. गाव आधीपासून होता, घरे होती, माणसे होती. पूल मागाहून आला. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आणि पेडण्याला स्टेशनही आहे, पण मुंबईसारखी लोकल नाही. त्यामुळे इथला प्रवासी रस्त्याचाच. आणि पुलावरून पणजीचा नोकरदार नव्हे, तर दिल्ली, मुंबई, बंगळूरचा दुसऱ्या घराचा ग्राहक आला. त्याला रोज कुठेच जायचे नव्हते. त्याला वर्षातून तीन आठवडे यायचे होते, नदी दिसेल अशा खिडकीसमोर.

२०११ च्या जनगणनेत गोव्यातले साधारण पाचातले एक घर रिकामे आढळले. देशातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी ते एक. यात जुनी कुलूपबंद घरेही आली. आमच्याकडे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू आहे. त्यामुळे वडिलार्जित घरात सगळ्या मुलामुलींचा वाटा. न्याय म्हणून हे उत्तमच. पण तीन पिढ्यांत एका घराला वीस-पंचवीस वाटेकरी होतात, त्यातले निम्मे मुंबईला नाहीतर परदेशी. दुरुस्तीला कोणी पैसे देत नाही आणि सही करायला सगळे एकदम मिळत नाहीत. मग एखाद्या दलालाने सगळ्या सह्या जमवल्या की घर विकायलाच निघते. गावात राहून रोज म्हापशाला जाणाऱ्या भावाला इतरांचे वाटे विकत घ्यायचे असतात, पण भाव ठरतो तो दिल्लीच्या ग्राहकावरून. त्याच्या पगारावरून नव्हे.

सरकारी धोरणानेही इथे बराच गोंधळ घातला. प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध २००६ च्या अखेरीस गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि २००७ च्या आरंभी तो रद्द झाला. पुढचा २०२१ चा आराखडाही वादांत सापडला. मग नगरनियोजन कायद्यातच दुरुस्त्या आल्या : २०१८ मध्ये १६-ब, २०२३ मध्ये १७(२), २०२४ मध्ये ३९-अ. प्रत्येकीवर आरोप एकच, की शेत आणि बागायत तुकड्यातुकड्याने बांधकामाला मोकळी होते. १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये रद्द केले. २०२३ साली खुद्द पेडण्यासाठी झोनिंग आराखड्याचा मसुदा आला तेव्हा गावे खवळून उठली आणि तो मागे घ्यावा लागला. त्या विरोधात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटली. ओरडणारी माणसे पेशाने शेतकरी राहिली नव्हती. त्यांतले पुष्कळ रोज नोकरीला जाणारे होते. शेत पिकवायला वेळ नाही, पण शेत जाऊ द्यायचे नाही.

याच ठिकाणी चोपड्यासारख्या गावाची खरी अडचण आहे आणि ती बाहेरच्या ग्राहकावर ढकलून सुटणार नाही. बांधाला भोक पडते तेव्हा गाव कामावर गेलेला असतो. कूळ कायद्याखालच्या कूळ संघटनांनी बांध आणि मानशी सांभाळायच्या, अशी व्यवस्था आहे. पण मानस उघडायला-मिटायला दिवसातून दोनदा माणूस लागतो. तो नसला की खारे पाणी आत येते, भात जाते, दोन-चार वर्षांत खाजणात खारफुटी उगवते, आणि खारफुटी आली की ती तोडता येत नाही. मग त्या जमिनीला 'पडीक' म्हणायला सगळेच तयार. पडीक म्हटले की विकायला सोपे. नोकरी घरच्या माणसाने धरली, शेत सुटले, आणि शेताकाठी ज्याची खिडकी उघडली तो भलताच कोणी.

११ डिसेंबर २०२२ रोजी मोप्याच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. त्यामुळे प्रवासाची एक नवी दिशा तयार झाली. चोपड्याचा मुलगा आता म्हापशाला पाठ करून मोप्यालाही कामाला जाऊ शकतो. पण जमिनीच्या भावांनी उडी घेतली तीही याच वर्षांत. नोकरी जवळ आली आणि घर लांब गेले.

यावर इलाज नाही असे नाही. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्स या समुद्रकाठच्या गावाने २०१६ साली मतदान घेऊन ठरवले की नवे घर बांधायचे तर ते कायम राहणाऱ्यासाठीच, सुट्टीपुरते येणाऱ्यासाठी नाही. ८० टक्क्यांहून जास्त मते बाजूने पडली. त्यातून सगळे प्रश्न सुटले नाहीत. बिल्डर शेजारच्या गावांकडे वळले आणि दुसऱ्या घराच्या ग्राहकांनी जुन्या घरांचे भाव चढवले, अशी टीका झाली. तरी एका गावाने 'हे घर कोणासाठी?' असा प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारला, हे मोठे. आपल्याकडे परवान्याच्या अर्जावर मजले विचारतात, सेटबॅक विचारतात, पार्किंग विचारतात. राहणार कोण, हे विचारत नाहीत. २०२५ साली जाहीर झालेली 'म्हजे घर' योजना बांधून झालेली घरे कायदेशीर करण्यासाठी आहे. तिची गरज होती. पण गावात राहून रोज ये-जा करणाऱ्या तरुण जोडप्याला नवे घर कुठे आणि कोणत्या भावाने मिळेल, हा प्रश्न तिच्या बाहेरचा आहे.

माझ्या मते गावठाणातल्या पडक्या, वाटेकऱ्यांत अडकलेल्या घरांपासून सुरुवात करावी. राहत्या वाटेकऱ्याला घर विकत घ्यायला स्वस्त कर्ज आणि पहिला हक्क मिळावा. पंचायतीने आपल्या हद्दीतली कुलूपबंद घरे मोजावीत. आणि मानशीवर पगारी माणूस नेमावा. कारण कामाला जाणाऱ्या गावात पहारा फुकट मिळत नाही, हे एकदा मान्य करून टाकावे. पूर्वी तारीला माणूस लागे, त्याला मोबदला मिळे. मानशीला का मिळू नये?

तार परत यावी असे मला मुळीच वाटत नाही. पलीकडच्या दिव्यांकडे पाहत रात्र काढलेल्या माणसांना विचारा, ती पुलाला नावे ठेवणार नाहीत. मुंडकाराच्या नातवाने कर्ज काढून चिऱ्याचे घर बांधले, त्याच्या मुलीने पुलावरून रोज जाऊन शिक्षण घेतले, नोकरी धरली. ही तीन पिढ्यांची कमाई आहे. चौथ्या पिढीला त्याच वाड्यावर एक खोली वाढवायची असेल, तर जागा आणि भाव तिच्या आवाक्यात राहिले पाहिजेत. १९७५ च्या कायद्याने भाटकाराला सांगितले होते की जो राहतो त्याला उठवता येणार नाही. आता बाजाराला तेच सांगायची वेळ आली आहे.